सही नसलेलं जुनं पेंटिंग घरात सापडलंय? मग आधी ते उलटं करा

मागच्या पावसाळ्यात गिरगावातली एक चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, आणि त्या आवराआवरीत निघालेलं एक चित्र घेऊन ठाण्याच्या एक ताई माझ्याकडे आल्या. जुन्या चादरीत गुंडाळलेलं, अठरा बाय चोवीस इंच, हार्डबोर्डावर ऑइल. खाली पायऱ्या उतरत गेलेलं तळं, मागे दाटीवाटीने घरं, घरांच्या कडा जाड निळ्या रेषेने बांधलेल्या, भिंती म्हणजे पिवळ्या आणि गेरूच्या सपाट पट्ट्या, पाण्यात प्रतिबिंब वगैरे काही नाही, नुसते आडवे फटकारे. सही कुठेच नाही. ताईंनी येण्याआधी भरपूर गुगल केलं होतं आणि लहानपणी आत्याच्या तोंडून "रझा" (म्हणजे चित्रकार सय्यद हैदर रझा) हे नाव ऐकल्याचं त्यांना पक्कं आठवत होतं. "दादा, रझा असेल तर किती कोटी हो?" हा पहिला प्रश्न, चादर पूर्ण सुटायच्याही आधी.

मी काही रजिस्टर्ड व्हॅल्युअर नाही हे सांगून टाकतो. माझा धंदा फ्रेमिंगचा, पंचवीसेक वर्षं झाली, त्यामुळे चित्रांच्या तोंडापेक्षा पाठी जास्त बघितल्यात, आणि सही नसलेल्या चित्राचं बोलणारं तोंड पाठीलाच असतं असं माझं मत झालंय. लोक नावापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. नाव शेवटी येतं, आलं तर. आधी ती वस्तू कधीची, कुठली, कशावर, कशाने केलेली आणि कुणाच्या घरात किती वर्षं होती हे बघायचं असतं, आणि यातलं निम्म्याहून जास्त काम तुम्ही घरी बसून करू शकता.

पण आधी हात आवरा

पुसू नका. ओलं फडकं, बटाट्याची फोड, लिंबू, स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर, यातलं काहीही नाही. दिवाळीच्या साफसफाईत जेवढी चित्रं मेलीत तेवढी वाळवीनेही मेली नसतील. रंग सुटत असेल तर चित्र आडवं ठेवा, तोंड वर करून, आणि कुरिअरने तर अजिबात पाठवू नका. सुई टोचून रंग वाळलाय का बघायची जी टेस्ट काही लोक सांगतात ती विसरून जा, कारण भोक कायमचं राहतं.

फ्रेम काढायची वेळ आली तर मागचा कागद फाडून फेकू नका. धंद्यात नवीन असताना मी स्वतः एका चित्राचा मागचा पुठ्ठा वाळवी लागलेली म्हणून कचऱ्यात टाकला होता, दुसऱ्या दिवशी मालक विचारत आले की त्यावर वडिलांनी पेन्सिलने काहीतरी लिहिलेलं होतं ते दाखवा ना. काय दाखवणार. त्या दिवसापासून माझ्याकडे निघालेला प्रत्येक कपटा पाकिटात जातो आणि पाकिटावर चित्राचा नंबर पडतो.

फोटो आणि माप

दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून. समोरून एक, मागून एक, चारी कडा, चारी कोपरे, आणि बाजूला मेजर टेप ठेवून एक. माप फ्रेमशिवाय घ्यायचं आणि उंची आधी, रुंदी नंतर लिहायची, कॅटलॉगमध्ये तसंच असतं, नाहीतर आडवं चित्र उभं समजून समोरचा भलतंच शोधत बसतो.

माप इंचात आणि सेंटिमीटरमध्ये दोन्ही घ्या, याला कारण आहे. आपल्याकडची बरीच चित्रं इंचाच्या गोल आकड्यात बसतात, अठरा-चोवीस, वीस-तीस अशी. पण कॅनव्हास ७३ बाय ६० किंवा ५५ बाय ४६ सेंटिमीटर भरला तर कान टवकारायचे, कारण ही फ्रान्समधली ठरलेली मापं आहेत. पन्नासच्या दशकात आपले बरेच चित्रकार पॅरिसला होते, रझा १९५० मध्ये गेले, अकबर पदमसी त्यांच्या मागोमाग, गोव्याचे लक्ष्मण पै तर दहाएक वर्षं तिथे राहिले. फ्रेंच मापाचा कॅनव्हास आणि मागे पॅरिसच्या रंगवाल्याचा शिक्का, उदाहरणार्थ लफेव्र-फोआने, असं दोन्ही मिळालं तर चित्र निदान तिकडून आणलेल्या कॅनव्हासवर आहे एवढं ठरतं. कुणाचं ते अजूनही ठरत नाही हां.

आता पाठ वाचायची

इथे घाई करू नका, एक अख्खी दुपार ठेवा.

आधी फ्रेमवाल्याचं लेबल. पत्त्यात नुसतं "बॉम्बे ४" असेल तर ते बहुतेक सहा आकडी पिनकोडच्या आधीचं, आणि पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. पूर्ण ४००००४ छापलं असेल तर त्यानंतरचं. "मुंबई" असं इंग्रजीत छापलेलं असेल तर बहुतेक १९९५ नंतरचं. फोन नंबर किती आकडी आहे तेही बघा, जितके कमी आकडे तितकं जुनं.

मग मागे चिकटवलेलं वर्तमानपत्र. आमच्या धंद्यात धूळ आत जाऊ नये म्हणून मागून कागद मारायची पद्धत आणि तो कागद बहुतेक वेळा रद्दीतलाच. तारीख दिसली तर सोनं, नाही दिसली तरी पेपर कुठला ते बघा. लोकसत्ता १९४८ ला सुरू झाला, महाराष्ट्र टाइम्स १९६२ ला, त्याआधीच्या फ्रेमवर तो असूच शकत नाही. जाहिरातीत किंमत आण्यात आहे का नये पैशात? दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला आणि "नये" हा शब्द १९६४ मध्ये गेला, म्हणजे नये पैसे दिसले की तुम्ही सात वर्षांच्या खिडकीत आलात. ताईंच्या चित्रामागे लोकसत्ताचा तुकडा होता, साबणाची जाहिरात, किंमत नये पैशात. मला एवढा आनंद झाला की ताईंना वाटलं रझा निघाला.

पण इथेच मोठी चूक होते. पेपर फ्रेमची तारीख सांगतो, चित्राची नाही. चित्र दहा वर्षं ट्रंकेत पडून मग फ्रेम झालं असेल, किंवा जुनी फ्रेम काढून नवीन घातली असेल. याचं उलटंही होतं, जुन्या बाजारातून खरी जुनी फ्रेम आणून तिच्यात परवाचं चित्र बसवतात. म्हणून फ्रेमच्या खाचेत चित्राच्या कडेवर दाब पडलेली रेषा आहे का, फ्रेमच्या आतल्या भागात रंग ताजा आणि बाहेरचा मळलेला आहे का हे बघायचं. दोघं एकत्र म्हातारे झालेत की नाही ते त्यावरून कळतं.

कॅनव्हास असेल तर खिळे बघा. मुंबईच्या खाऱ्या हवेत चाळीस-पन्नास वर्षं काढलेल्या खिळ्याभोवती कापडावर गंजाचा तपकिरी डाग उतरतोच. खिळे चकचकीत आणि शेजारी जुनी रिकामी भोकं असतील तर चित्र मध्ये कधीतरी पुन्हा ताणलंय, त्यात गैर काही नाही पण नोंद करा. स्टेपलच्या पिना असतील तर ताणणं बहुतेक नंतरच्या काळातलं. कापडाचा रंग एकसारखा तपकिरी दिसला तर मात्र संशय घ्यायचा, कारण खऱ्या जुन्या कॅनव्हासचा लाकडी पट्टीखाली झाकलेला भाग फिकट राहतो आणि उघडा भाग काळवंडतो. चहाच्या पाण्यात बुचकळलेल्या कापडाला हा फरक जमत नाही.

हार्डबोर्ड असेल तर एक बाजू गुळगुळीत आणि दुसरीवर जाळीचा ठसा असतो, चित्र यातल्या कुठल्याही बाजूवर असू शकतं. हा बोर्ड १९२४ नंतरचा शोध, म्हणजे "हे १९०५ चं आहे" असं कुणी म्हणालं तर चहा पाजून परत पाठवा. पावसाळी ओल खाल्लेल्या बोर्डाच्या कडा फुगून पानापानांनी सुटतात, त्याचा परिणाम किमतीवर होतो.

पेन्सिलचं लिखाण, चिठ्ठ्या, सुतळीचे तुकडे, भोकं, सगळ्याचे फोटो काढा, तिरपा टॉर्च मारून काढा म्हणजे पुसट पेन्सिलही उठते. प्रदर्शनाला चित्र पाठवताना मागे चिठ्ठी लागायची, तिच्यावर चित्रकाराचं नाव, शीर्षक, किंमत. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ ची, त्यांची वार्षिक प्रदर्शनं नियमित व्हायची आणि कॅटलॉग छापले जायचे, त्यामुळे फाटक्या चिठ्ठीवर नुसता नंबर आणि वर्ष उरलं असेल तरी शोधायला जागा आहे. जहांगीर आर्ट गॅलरीची चिठ्ठी असेल तर १९५२ च्या आधीची असूच शकत नाही, गॅलरी उघडलीच तेव्हा.

ताईंच्या बोर्डावर, लोकसत्ताच्या खाली, पेन्सिलने "बाणगंगा" (मलबार हिलवरचं तळं) आणि "रु. ७५" लिहिलेलं निघालं. म्हणजे कधीतरी ते विकायला ठेवलेलं होतं. ताई म्हणाल्या पंच्याहत्तर रुपये म्हणजे रझा नाही का? तसं नाही, त्या काळात नंतर मोठे झालेल्यांच्याही किमती अशाच असायच्या, त्या आकड्यावरून हो पण नाही आणि नाही पण नाही.

समोरची बाजू, पण नुसत्या डोळ्यांनी नाही

दहापट मोठं दाखवणारी लूप घ्या, सोनाराकडे असते तशी. पहिला प्रश्न, हे चित्रच आहे ना? छापलेल्या चित्राला बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. काही प्रिंटवर वरून पारदर्शक लेप फासून ब्रशचे उंचवटे बनवतात, मग लूपखाली उंचवटा एकीकडे जातो आणि रंगाची कड दुसरीकडे. हाताच्या कामात दोन्ही बरोबर चालतात.

मग अंधार करून टॉर्च बाजूने, चित्राला जवळजवळ टेकवून मारा. ब्रश कुठून कुठे गेला, चाकूने रंग कुठे लावला, खाली दुसरं चित्र आहे का, कुठे ठोका बसलाय, सगळं डोंगरदऱ्यांसारखं दिसतं. ताईंच्या चित्रासारख्या पोस्ट-इम्प्रेशनिस्ट वळणाच्या चित्रात हा भाग फार महत्त्वाचा कारण ब्रशचा फटकारा हेच यांचं हस्ताक्षर. ज्याला येतं त्याचा फटकारा एकदा पडतो आणि तिथेच राहतो, नक्कल करणारा चाचपडतो, तीच रेघ तीनदा गिरवतो.

तिसरं, यूव्ही टॉर्च. नोटा तपासायला दुकानात असतो तोच प्रकार, पण ३६५ नॅनोमीटरचा घ्या, स्वस्तातला जांभळा उजेड फेकणारा ३९५ चा असतो त्यात नीट कळत नाही. जुनं नैसर्गिक राळेचं व्हार्निश हिरवट-पिवळं चमकतं, आणि त्यावरून नंतर केलेली डागडुजी काळ्या ठिगळांसारखी वर येते. झिंक व्हाइट पिवळट-हिरवं उजळतं, टायटॅनियम व्हाइट गडद राहतं. कॅनव्हासच्या कापडाने किंवा कागदाने धोब्याच्या नीळ घातलेल्या शर्टासारखी निळी-पांढरी झळाळी मारली तर त्यात चमक आणणारं केमिकल आहे, आणि ते साधारण १९५० नंतर पसरलं. यूव्ही बघताना लाईटकडे थेट बघू नका आणि एका वेळी पाच मिनिटांच्या वर तो मारत बसू नका.

रंगांच्या तारखा पण थोड्या लक्षात ठेवा. टायटॅनियम व्हाइट पहिल्या महायुद्धाच्या आसपास बाजारात यायला लागलं, थॅलो ब्लू १९३५ ला आणि थॅलो ग्रीन १९३८ ला. १९५५ च्या चित्रात हे सगळे असणं नॉर्मल आहे, १९०० च्या चित्रात असतील तर गडबड. आणि पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक आर्टिस्ट रंग अमेरिकेतच १९५५ ला आले, त्यामुळे "१९४८, मुंबई, अॅक्रिलिक" असं वाचलं की तो कॅटलॉग बंद करायचा. हे रंग घरी ओळखता येत नाहीत, लॅबमध्ये एक्सआरएफ मशीन असतं, चित्राला न खरवडता कुठली मूलद्रव्यं आहेत ते सांगतं. पण एवढा खर्च चित्र खरंच तेवढं असेल तरच करा.

शैलीवरून वर्ष ठरवू नका, हे दहा वेळा सांगेन

ताईंच्या चित्राचं वळण पोस्ट-इम्प्रेशनिझमचं, मराठीत उत्तर-दृक्प्रत्ययवाद म्हणतात, बोलायला कुणी म्हणत नाही. हे नावच मुळी चित्रकारांनी घेतलेलं नाही, रॉजर फ्राय नावाच्या इंग्रज समीक्षकाने १९१० मध्ये लंडनच्या प्रदर्शनासाठी दिलं, तोवर सेझान, व्हॅन गॉग, गोगँ, सरा सगळे वारलेले. सेझान घरं-डोंगर ठोकळ्यांसारखे, रंगाच्या पट्ट्या शेजारी शेजारी मांडून रचतो. गोगँ सपाट रंग आणि भोवती गडद बाह्यरेषा. व्हॅन गॉगचे वळवळते जाड फटकारे. सराचे ठिपके. तुमच्या चित्रात यातलं काय आहे ते साध्या शब्दांत लिहून काढा, "छान आहे" हे वर्णन नाही.

आता हे सगळं मुंबईत कधी आलं ते बघा. जे. जे. स्कूल १८५७ चं, पण तिथे अनेक दशकं हुबेहूब काढण्याचंच शिक्षण. अमृता शेर-गिल पॅरिसमध्ये शिकून १९३४ ला परतली, तिच्यात सेझान आणि गोगँ स्पष्ट दिसतात. जे. जे. मध्ये चार्ल्स जेरार्ड डायरेक्टर असताना, म्हणजे तीसच्या दशकाचा शेवट ते चाळीसच्या मध्यापर्यंत, वारं बदलायला लागलं. आणि मग हिटलरपासून पळून आलेली माणसं. ऑस्ट्रियाचे वॉल्टर लँगहॅमर टाइम्स ऑफ इंडियाचे आर्ट डायरेक्टर झाले, नेपियन सी रोडवरच्या त्यांच्या घरी तरुण चित्रकार जमायचे, रंग कसा मोकळा लावायचा ते बघायचे. जर्मनीचे रुडी फॉन लायडन चित्रांवर समीक्षा लिहायचे, व्हिएन्नाहून आलेले श्लेसिंगर चित्रं विकत घ्यायचे. १९४७ ला या तरुण चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप झाला, सुझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे. १९४८ ला काश्मीरमध्ये फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ रझांना भेटले आणि तुझ्या चित्रात बांधणी कमी आहे, सेझान बघ, असं म्हणाले, ही गोष्ट रझा पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

म्हणजे पॅरिसमध्ये जे १८८५ ला चाललं होतं ते मुंबईत साठ-सत्तर वर्षांनी ताजं होतं, आणि फक्त या सहा जणांकडे नाही. लायब्ररीतली पुस्तकं, रंगीत छापील चित्रं, मासिकं बघून जे. जे. मधली अख्खी पिढी सेझानचे डोंगर मलबार हिलवर आणि व्हॅन गॉगची शेतं कर्जतला आणून ठेवत होती. म्हणून शैली बघून "फ्रेंच असेल, १८९० चं असेल" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आणि "या शैलीचं म्हणजे प्रोग्रेसिव्हच" म्हणणाऱ्यावर तर त्याहून नको.

सही का नसते, आणि नावाकडे कसं जायचं

आधी ती खरंच नाही का ते बघा. फ्रेमच्या खाचेखाली लपलेली असते, कड कापली गेलेली असते, गडद रंगात गडद रंगाने केलेली असते, देवनागरीत असते आणि आपण इंग्रजी शोधत असतो. ती पाठीवरही असू शकते. कॉलेजच्या कामावर सहीऐवजी मागे नाव, वर्ग आणि रोल नंबर असू शकतो. जागेवर बसून केलेल्या अभ्यासावर, मित्राला भेट दिलेल्यावर, मनासारखं न झालेल्यावर अनेकांनी सहीच केली नाही.

आणि एकाएकी सही सापडली तर लूप काढा. रंगाला तडा गेल्यावर केलेली सही त्या तड्यात उतरते, जुनी सही तड्याबरोबर स्वतःही फुटलेली असते. यूव्हीखाली व्हार्निशच्या वर तरंगताना दिसली तर नंतर टाकलेली. "सही टाकून घेऊ, कोण बघतंय" असं सुचवणारे भेटतात, मलाही विचारलंय, त्या माणसाला दारातूनच परत पाठवा कारण ते फसवणुकीचं काम आहे आणि वर चांगलं प्रामाणिक चित्र कायमचं बाद होतं. नकली मालाची पातळी कुठे गेलीय ते ऐका, २००९ च्या जानेवारीत दिल्लीत रझा स्वतःच्या जुन्या चित्रांच्या प्रदर्शनाला गेले आणि भिंतीवरची बहुतेक चित्रं आपली नाहीतच म्हणाले. जिवंत चित्रकार समोर उभा असताना ही कथा.

नाव शोधायचा माझा रस्ता म्हणजे चित्राकडून चित्रकाराकडे न जाता घराकडून जायचं. ज्या घरात चित्र होतं त्या माणसांची यादी करा, कुठे नोकरी, कुठली शाळा, शेजारी कोण, लग्नात आहेर कुणी दिला. जुने अल्बम काढा आणि माणसांच्या मागची भिंत बघा. पत्रं, पावत्या, डायऱ्या. म्हातारी माणसं असतील तर आजच फोन करा, पुढच्या महिन्यात नाही. हुसेनचं "ग्रामयात्रा" एका डॉक्टरने १९५४ मध्ये दिल्लीत घेतलं आणि नॉर्वेला नेलं, अनेक दशकं ते ओस्लोच्या हॉस्पिटलकडे होतं आणि २०२५ ला न्यूयॉर्कमध्ये साडेतेरा दशलक्ष डॉलरच्या वर गेलं. नाव मोठं होतंच, पण ते कुठून कुठे गेलं याची साखळी सलग होती, त्याने बोली लावणाऱ्याला धीर येतो.

ताईंच्या बाबतीत दोन महिन्यांनी अल्बममधून फोटो निघाला. आत्याची खोली, भिंतीला टेकवून ठेवलेलं हेच चित्र, अजून फ्रेम नाही, शेजारी झब्बा घातलेला एक माणूस, फोटोमागे "मास्तर, दिवाळी". आत्याच्या शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर. पुण्याला राहणाऱ्या एका दूरच्या मावशींना विचारलं तर त्या पटकन म्हणाल्या, अगं ते जे. जे. ला रझाच्या बरोबर होते, सारखं तेच सांगायचे. रझा १९४३ ते ४७ जे. जे. ला होते, मास्तरांचं वय जुळतं. झालं, आत्याच्या तोंडचा "रझा" हा असा आला होता. घरातल्या अशा गोष्टी अगदीच खोट्या नसतात, पण एका माणसावरून दुसऱ्यावर घसरलेल्या असतात.

हे मी मुद्दाम सांगतोय कारण आपल्याकडच्या सही नसलेल्या बऱ्याच चित्रांचा बाप असाच कुणी ड्रॉइंग मास्तर असतो. जे. जे. चा डिप्लोमा, हात उत्तम, डोळा उत्तम, घरची जबाबदारी, मग शाळेत नोकरी आणि जन्मभर एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांची वाटी-चंबूची चित्रं तपासत बसायची. रविवारी बाणगंगेला. कोल्हापूर, सांगली, पुणे, गोवा, सगळीकडे ही माणसं होती.

कॅटलॉगची भाषा पण समजून घ्या. नुसतं नाव दिलं असेल तर ते चित्र त्यांच्या मते त्याचं आहे. "त्याचं असावं" म्हटलं की जबाबदारी निम्मी झाली. "त्याच्या वर्तुळातलं" म्हणजे त्याच्या काळात, त्याच्या आसपासच्या कुणाचं. "त्याच्या धाटणीचं" म्हणजे कधीही, कुणीही केलेलं. एकेका पायरीला किंमत जिना उतरावा तशी नाही, गच्चीवरून पडावी तशी पडते. तुमच्या कागदावर पुरावा असेल तेवढंच लिहा. ताईंचं आम्ही लिहिलं, "बाणगंगा, हार्डबोर्डावर तैलरंग, मुंबई, साधारण १९५० चं दशक, सही नाही, कुटुंबाच्या माहितीनुसार अमुक मास्तरांचं", आणि फोटोची कॉपी जोडली.

किंमत

किंमत कशासाठी काढताय ते आधी ठरवा कारण आकडे तीन असतात. विम्यासाठीचा सगळ्यात मोठा, कारण तसंच चित्र गॅलरीतून पुन्हा घ्यायला काय लागेल तो हिशोब. बाजारभाव म्हणजे लिलावात दोन सुजाण माणसं भांडली तर काय येईल. आणि घाईची किंमत म्हणजे आज, रोख, डीलर काय देईल. भावंडांत वाटणी करताना एकाने विम्याची आणि दुसऱ्याने घाईची किंमत धरली की गणपतीला एकत्र जमणं बंद होतं, हे मी बघितलंय.

मोठ्या ऑक्शन हाऊसच्या साईटवर जुने निकाल बघता येतात, सॅफ्रनआर्ट, पंडोल्स, अॅस्टागुरू. तिथे रझा शोधू नका. शोधा त्याच काळातला, त्याच साईजचा, त्याच माध्यमातला, मुंबईचाच पण फार नाव नसलेला चित्रकार, ज्याची सही आहे. असे सहा-सात निकाल काढा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून द्या. विकला न गेलेला माल पण लिहून ठेवा, तो बाजार जास्त खरा सांगतो. छापलेला अंदाज आणि प्रत्यक्ष विक्री यात फरक असतो, आणि जाहीर निकालात बहुतेक वेळा खरेदीदाराचं प्रीमियम, म्हणजे ऑक्शन हाऊस घेणाऱ्याकडून वरून घेतं ती रक्कम, धरलेलं असतं, ते विकणाऱ्याच्या हातात येत नाही, वर त्याच्याकडून ऑक्शन हाऊसचं कमिशन जातं ते वेगळंच. मग सही नसल्याची कात्री लावा, आणि ती निर्दयपणे लावा.

त्यानंतर थोडं वर-खाली. विषय ओळखता येत असेल, म्हणजे बाणगंगा, माहीम, सप्तश्रृंगी असं काही, तर नुसत्या "खेड्यातली घरं" पेक्षा बरं. कॅनव्हासला हार्डबोर्डापेक्षा, ऑइलला पोस्टरकलरपेक्षा जास्त. आकाशात छोटी डागडुजी चालते, चेहऱ्यावरची नाही. आणि चित्र म्हणून ते चांगलं आहे का, हे शेवटी उरतंच. सही नसलेल्या चित्राला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं, चार मीटरवरून त्याने बोलावलं पाहिजे.

कुणाला दाखवायचं

मूल्यांकन करणारा आणि विकत घेणारा एकच माणूस नको. फुकट बघून देतो म्हणणारा बहुतेक घ्यायलाच आलेला असतो. फी ठरलेली असावी, किमतीच्या टक्क्यावर नको, नाहीतर आकडा फुगतो. चित्र ठेवून जाताना पावती घ्या, तिच्यावर माप, फोटो आणि असलेलं नुकसान लिहून घ्या. दुरुस्तीसाठी प्रशिक्षित कन्झर्व्हेटर गाठा, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कन्झर्वेशन सेंटर आहे, निदान सल्ला तिथून सुरू करा.

विकलंच तर टॅक्स आहे. दागिने जसे घरगुती सामानात धरत नाहीत तसंच २००७ च्या फायनान्स अॅक्टपासून चित्रांचं पण झालं, त्यामुळे वारशाने आलेल्या चित्रावर कॅपिटल गेन लागतो, आणि जुन्या मालाला १ एप्रिल २००१ ची बाजारातली किंमत मूळ धरता येते. त्यासाठी रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा कागद लागेल, सीएला आधी विचारा, विकून झाल्यावर नाही.

अमेरिकेतल्या भावाला पाठवायचं असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येऊ शकतो. शंभर वर्षं झाली नसतील तर चित्र पुरावस्तू नाही, पण रवी वर्मा, शेर-गिल, जामिनी रॉय, तीन टागोर (रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ, गगनेंद्रनाथ), नंदलाल बोस, रोरिक आणि शैलोज मुखर्जी या नऊ जणांचं काम कुठल्याही वयाचं असलं तरी देशाबाहेर जात नाही. अनाम चित्रालाही कस्टमवाले पुरावस्तू नसल्याचा दाखला मागू शकतात, तो पुरातत्त्व खात्याकडून काढायचा.

ताईंनी विकलं नाही. तीन भावंडांत वाटणी होती, बाजारभावाचा आकडा ठरला (घरचा मामला, इथे लिहीत नाही), ताईंनी दोघांना त्यांचा हिस्सा दिला आणि चित्र ठेवलं. जाताना मी जुनीच फ्रेम परत लावून दिली, मागे आम्लरहित बोर्ड, भिंत आणि फ्रेममध्ये कॉर्कचे तुकडे म्हणजे पावसाळ्यात हवा खेळते. लोकसत्ताचा तुकडा पाकिटात. आणि आम्ही लिहिलेला तो कागद, अल्बममधल्या फोटोच्या कॉपीसकट, फ्रेमच्या मागच्या लाकडाला प्लास्टिकच्या पाकिटात सुतळीने बांधला. बोर्डाला चिकटवायचा नाही, डिंक उतरतो.